आठाचे तीन

मुलीचा वेग कमी झालाय, तेव्हा पुढच्या वर्षी तिला संघात ठेवायचं की नाही ते शनिवारचा सामना पाहून ठरवू, असं क्लबच्या व्यवस्थापकांनी कळवलं. मास्तरांनी चष्मा पुसला आणि निदान केलं, "वेगबिग काही नाही. फिटिंग चुकलंय."

मास्तरांनी चाळीस वर्षं शिवणकाम केलं होतं. माणसाच्या बहुतेक दुःखांचं मूळ खांद्यात नाहीतर कमरेत असतं आणि ते टाचणी लावून दाखवता येतं, अशी त्यांची श्रद्धा होती. मुलीला घरात भिंगरी म्हणत. चौदा वर्षं ती व्यावसायिक फुटबॉल खेळत होती. मधल्या फळीत, पाठीवर 8 आकडा घेऊन. एवढ्या काळात गोल झाले अकरा. त्यामुळे "तुमची मुलगी मैदानात करते काय नेमकं?" असं शेजाऱ्यांनी विचारलं, की मास्तरांना "मध्ये असते" याखेरीज उत्तर सुचत नसे. पण एक गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली नव्हती. भिंगरी चेंडू घेऊन निघाली, की मागची पोरगी तिची जर्सी पकडायची.

"पाठीत चार बोटं कापड जास्त आहे," ते बायकोला म्हणाले. "घोड्याला मागून ओढायचं आणि वर म्हणायचं, पळत नाही!"

"तिला विचारलंत का?"

"पेशंटला विचारून ऑपरेशन करतात होय?"

"करतात," बायको म्हणाली.

पण तोवर मशीनवरचं झाकण निघालं होतं. क्लब लहान; जर्सी जिची तिने घरी धुवायची. शुक्रवारी दुपारी भिंगरी सरावाला गेली आणि मास्तरांनी जर्सी उलटी करून डाव्या अंगाने, मानेपासून खालपर्यंत एक लांब शिवण मारली. मग सुलटी करून टाका दिसत नाही ना, एवढंच पाहिलं. दिसत नव्हता. आकडा पाहायचं त्यांना कारणच नव्हतं. आकडा काही त्यांनी शिवलेला नव्हता.

त्या शिवणीने 8 चा डावा अर्धा भाग गिळला होता. उरला होता 3. आणि काम इतकं सफाईदार, की तो जन्मापासून 3 असावा.

शनिवारी शिट्टी होईपर्यंत सगळ्या जणी जाकिटात होत्या. पंच बाईंनी बूट पाहिले, नखं पाहिली, पाठी पाहिल्या नाहीत. खेळ सुरू झाला आणि भिंगरी नावाला जागली. मागून आलेल्या हातांना नुसती हवा लागत होती. मास्तरांनी बायकोला कोपराने ढोसलं. "बघितलंस? फिटिंग!"

बाराव्या मिनिटाला संघाच्या खऱ्या तीन नंबरला, म्हणजे कप्तानाला, पिवळं कार्ड मिळालं. विसाव्या मिनिटाला भिंगरीच्या पायात अडखळून कुणीतरी पडलं. पंच बाईंनी पिवळं काढलं, वहीत पाहिलं आणि मग लाल काढलं.

"लाल कशाबद्दल?" भिंगरी ओरडली.

"तुझं हे दुसरं पिवळं. तीन नंबर."

"मी आठ आहे!"

"वळ."

भिंगरी वळली.

"तीन," पंच बाई म्हणाल्या.

कप्तान धावत आली. "बाई, तीन मी आहे."

"तूही वळ."

दोघी पाठ करून उभ्या राहिल्या. पंच बाईंनी दोन्ही पाठी दोनदोनदा वाचल्या, लाल कार्ड खिशात घातलं आणि भिंगरीला फर्मावलं, "बाहेर जा आणि आठ होऊन ये. तोवर दहा जणी खेळतील."

सामान सांभाळणाऱ्या काकांनी भिंगरीच्या पिशवीतून तिची घरून आणलेली जास्तीची जर्सी उपसली. तीही तीन. मास्तर कामात उणं ठेवत नसत.

"ऑपरेशन यशस्वी," बायको म्हणाली. पण शेजारची खुर्ची रिकामी होती. मास्तर पायऱ्या उतरून, कठड्याखालून वाकून, संघाच्या डॉक्टरची पट्ट्या कापायची कात्री हिसकावून घेत मुलीच्या पाठीशी पोहोचले होते.

"सरळ उभी राहा. हलू नकोस."

"बाबा, तुम्ही केलंत हे?"

"खांदा खाली."

"बाबा!"

"धरतात गं तुला मागून." मास्तरांनी कात्रीचं टोक शिवणीत घातलं. "टाका जरा बारीक पडलाय. वेळ लागेल."

"किती बारीक?"

"तुझ्यासाठी घातलेला. आता किती असेल ते तूच बघ."

भिंगरीच्या तोंडात चांगली दोनतीन वाक्यं तयार होती. ती तिने गिळली आणि खांदा खाली केला.

मैदानात तेवढ्यात एक गोल झाला. आपल्यावर. थोड्या वेळाने दुसरा. ओरडा ऐकून मास्तरांनी मान वर केली. मागच्या पोरी चेंडू कुणाला द्यावा म्हणून मध्ये पाहत होत्या, पुढच्या पोरी चेंडू येईल म्हणून मध्ये पाहत होत्या, आणि मध्ये कुणीच नव्हतं. आपली मुलगी मैदानात काय करते, हे मास्तरांना चौदा वर्षांत पहिल्यांदा स्वच्छ दिसलं. त्यांनी घाईघाईने उरलेले टाके दातांनी तोडले.

आठ मिनिटांनी भिंगरी पाठीवर दोऱ्यांची लक्तरं घेऊन आत गेली. सामना दोन-दोन असा सुटला. आपले दोन्ही गोल संघातल्या दुसऱ्या पोरींनी मारले. चेंडू मात्र दोन्ही वेळा तिच्याकडूनच गेला होता.

सोमवारी व्यवस्थापकांनी बापलेकीला बोलावलं. "तुम्ही नसलात की काय होतं, ते आठ मिनिटांत कळलं," ते भिंगरीला म्हणाले. "नाहीतर पुढचं अख्खं वर्ष लागलं असतं." त्यांनी एका वर्षाचा करार पुढे सरकवला. शेवटची अट नवी होती: खेळाडूच्या कुटुंबीयांनी गणवेशास सुई लावू नये.

"योग्य आहे," मास्तर पडेल आवाजात म्हणाले. "कर सही."

भिंगरीने पेन खाली ठेवलं. "ही अट काढा."

"अगं, गप!" मास्तर घाबरले. "हातातलं जाईल."

"पहिली वीस मिनिटं सापडले का मी कुणाच्या हाताला? आठवून सांगा, साहेब. इतकी नीट बसलेली जर्सी मी आजवर घातली नव्हती."

व्यवस्थापकांनी छताकडे पाहून वीस मिनिटं आठवली. मग अट खोडली आणि समासात लिहिलं: दुरुस्ती करताना आकड्यापासून दोन बोटं अंतर सोडावे.

भिंगरीने सही केली. मास्तरांनी चष्मा चढवला, समासातली ओळ वाचली आणि कपाळाला आठी घातली.

"दोन कशाला?" ते म्हणाले. "दीड पुरे."