घनाचा मागचा कोपरा

"पडद्यावरचा घन हा घन नसतोच, मॅडम. तो चपटा असतो," सोमशेखर बिराजदार सर म्हणाले. "पोळपाटावर लाटल्यासारखा. उद्या साहेबांसमोर सिद्ध करून दाखवतो. नाही जमलं तर खुशाल मला तांदळावर बसवा."

तांदळावर बसवणं ही शिक्षा नव्हती, नेमणूक होती. भवानी पेठेतल्या त्या शाळेत भिंतभर नवा डिजिटल पडदा आला होता. पाचवीची भूमिती आता पडदा शिकवणार, आणि निवृत्तीच्या उंबऱ्यावर आलेल्या सरांनी पोषण आहाराच्या कोठीत बसून तांदूळ आणि मूगडाळ सांभाळावी, असं वरून सुचवलं गेलं होतं. मुख्याध्यापिका माजिदा मॅडमनी भांडून एवढंच पदरात पाडून घेतलं होतं, की केंद्रप्रमुख उदयसिंह जगदाळे साहेबांनी आधी सरांचा एक तास बघावा आणि मग काय ते ठरवावं.

"सर, फळ्यावर सुबक आकृत्या काढा आणि शांत राहा," मॅडम म्हणाल्या. "एक तासाचा तर प्रश्न आहे."

"आकृत्या पडदा बी काढतो की. मग मी कशाला पाहिजे? आकार हातात घेतल्याशिवाय कळत न्हाय."

मॅडमनी कपाळाला हात लावला. सर तेवढ्यात वर्गावर गेले आणि मुलांना सांगून आले, की उद्या प्रत्येकानं घरातून घरंगळणारी एक आणि न घरंगळणारी एक वस्तू आणायची.

दुसऱ्या दिवशी पाचवीचा वर्ग भंगाराच्या दुकानासारखा सजला. काडेपेट्या आल्या, लिंबं आली, साबणाच्या वड्या आल्या. मल्हारनं विटेचा अर्धा तुकडा आणला आणि ही इष्टिकाचिती आहे की नाही, यावर तो शेजाऱ्याशी मारामारीच्या बेतात आला. पण बाजी मारली पिंकीनं. तिची आई घरी मागाच्या कांड्या भरायची. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्यात बसणारी, सूत गुंडाळलेली लाकडी नळी. पिंकी अशा कांड्यांची पिशवीच घेऊन आली होती. लाल, हिरव्या, गुलाबी.

"आई म्हणाली, सगळ्यांना पुरतील. पण जशाच्या तशा परत द्यायच्या."

सरांचा चेहरा उजळला. "ही बघा वृत्तचिती. दोन टोकांना दोन वर्तुळं, मधे एक वळलेलं पृष्ठ. कोपरा एक बी न्हाय. म्हणून ती कुठं अडत न्हाय, सरळ घरंगळत जाते."

त्यांनी दाराशी एक बाक तिरका टेकवला आणि काही मुलांना एकेक कांडी दिली. हरवू नये म्हणून सुताचं टोक ज्यानं त्यानं बोटाला गुंडाळून ठेवायचं, ही सरांची युक्ती. पुढच्या सगळ्या प्रकाराचं मूळ तीच.

"सोडा," सर म्हणाले.

कांड्या सुटल्या. बाकावरून उतरल्या, दारातून गेल्या, व्हरांड्यात पोचल्या. पावसाचं पाणी साचू नये म्हणून तो व्हरांडा फाटकाकडं उतरता बांधलेला होता, हे सरांना इतक्या वर्षांच्या नोकरीत ठाऊक होतं. फक्त त्या क्षणी आठवलं नाही. शिवाय सरळ जाईल ती कांडी कसली.

"सर, ये तो घुमके जा री," समरा म्हणाली.

खरंच. कांडी एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला निमुळती. धड वृत्तचिती नाही, धड शंकू नाही. प्रत्येक कांडी लग्नातल्या रुसलेल्या जावयासारखी वळणं घेत चालली होती. लाल सूत हिरव्यावरून गेलं, हिरवं गुलाबीखालून आलं, आणि नेमक्या त्याच वेळी व्हरांड्याच्या पायऱ्या चढून जगदाळे साहेब आले.

साहेब दोन पावलं चालले. तिसरं उचलता येईना. खाली बघायला वळले, तर एक फेरा वाढला. मॅडम त्यांना सोडवायला धावल्या आणि साहेबांच्या बॅगेचा पट्टाही त्यात गेला. कसंबसं साहेबांना वर्गात आणून खुर्चीवर बसवलं, तेव्हा गुडघ्यापासून खाली ते अर्धवट विणलेल्या चादरीसारखे दिसत होते.

"सर," मॅडम दबक्या आवाजात म्हणाल्या, "तांदूळ."

मग मोठ्यानं म्हणाल्या, "कात्री आणा कुणीतरी."

कुणी हललं नाही. त्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरात माग होता, नाहीतर मागावर जाणारं माणूस होतं. सूत गुंतलं तर त्याचं टोक शोधायचं. कापायचं नाही.

"कापू नका, मॅडम," पिंकी म्हणाली. "गाठी येत्यात. गाठीची कांडी मागावर चालत न्हाय. आईला लई बोलत्यात."

"अगं, पण साहेब..."

"साहेबांना बसू द्या की जरा."

साहेबांनी आयुष्यात कधी पाचवीतल्या मुलीकडून अशी परवानगी घेतली नव्हती. ते सरांकडं वळले. "बिराजदार, हा काय प्रकार आहे?"

आता शहाण्या माणसानं हात जोडले असते. सरांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या.

"तास चालू आहे, साहेब. तुम्ही वेळेवर आलात. आम्हाला एक कोपरा कमी पडत होता."

सरांनी मुलांना भराभर उभं केलं. साहेबांसकट चौघं चार कोपऱ्यांत खाली बसले. त्यांच्या डोक्यावर बाकांवर चौघं उभे राहिले. गुंत्यातून जेवढं सूत सुटत होतं तेवढं या हातातून त्या हातात गेलं, ताणलं गेलं. बघता बघता वर्गाच्या मधोमध लाल, हिरवा, गुलाबी असा एक घन उभा राहिला. वाऱ्यानं थोडा थरथरणारा, पण घन.

"समरा, शिरोबिंदू म्हणजे काय?"

"कडा जिथं मिळतात ते, सर."

"साहेब, तुमच्यापाशी किती कडा मिळतात?"

साहेबांनी हातांकडं पाहिलं. "दोन."

वर्ग खदखदला. "तिसरी वर गेलीया साहेब," मल्हार म्हणाला. "तुमच्या डोक्यावर."

साहेबांनी वर पाहिलं. त्यांच्या मुठीतून निघालेलं गुलाबी सूत सरळ वर, बाकावर उभ्या राहिलेल्या पिंकीच्या मुठीत गेलं होतं.

"तुमची चूक न्हाय," सर म्हणाले. "तुम्ही मागचा कोपरा आहात. पडद्यावर हा लपतो. पोरं समोरचे सात मोजतात आणि आठवा पाठ करतात. पाठ केलेला कोपरा परीक्षेनंतर राहत न्हाय."

साहेबांनी मुठीतलं गुलाबी सूत जरा ताणून पाहिलं. मग म्हणाले, "आम्हीसुद्धा पाठच केला होता." आणि लगेच, आपण अधिकारी आहोत हे आठवून, "बरं, आता सोडवा मला."

"तास संपल्याबिगर कोपरा हलत न्हाय. हलला की घन मोडतो."

"बिराजदार, तुमचा निर्णय माझ्या हातात आहे."

"तुमच्या हातात आत्ता तीन कडा आहेत, साहेब. त्या सोडू नका."

माजिदा मॅडमनी डोळे मिटून घेतले. कोठीतल्या तांदळाचा वास त्यांना तिथपर्यंत आला. पण साहेबांनी मूठ सोडली नाही. सरांनी मग आणखी सात पोरांकडून कडा मोजून घेतल्या, पृष्ठं मोजून घेतली, प्रत्येक पृष्ठ चौरस कसं ते दाखवलं, आणि घंटा झाल्यावरच खाली वाकून साहेबांच्या पायातलं टोक शोधायला लागले.

"भूमिती तुमच्याकडंच राहू द्या," साहेब बुटांची नाडी बांधत म्हणाले. "निवृत्तीपर्यंत. पडदा इतिहासाला लावा. पण बिराजदार, पुढच्या वेळी मला आधी कळवा. मी जाड पँट घालून येईन."

सरांनी मान ताठ ठेवून नमस्कार केला. घंटा झाल्याबरोबर पोरं हातातली सुतं जिथल्या तिथं टाकून खिचडीकडं पळाली होती आणि त्यांचा घन जमिनीवर एका ढिगाऱ्यात पडला होता. तो ढिगारा सरांनी स्वतः पिशवीत भरला. जशाच्या तशा परत द्यायच्या होत्या ना.

रविवारी दुपारी ते घरी ओसरीवर मांडी घालून बसले होते. मांडीवर गुंता, शेजारी रिकाम्या कांड्या, नाकावर घसरलेला चष्मा. त्यांची बायको ईरम्मा शेंगा सोलत समोर बसली होती. एक लाल टोक सापडलं होतं. ओढलं की हिरवं घट्ट होत होतं.

"अवो, जिंकलात म्हणं साहेबाला," ती म्हणाली. "मग ह्याचं बी सांगा की. ह्याला पृष्ठं किती? कडा किती? कोपरे किती?"

सरांनी गुंता उचलून उजेडात धरला. उलटा केला. पुन्हा सुलटा केला.

"हे सहावीला हाय, ईरम्मा," ते म्हणाले. "मी पाचवीचा मास्तर."