अडीच स्टार

सासऱ्यांकडे कधी काही मागायचं नाही, असं मी लग्नातच मनाशी ठरवलं होतं आणि सतरा वर्षं ते पाळलंही. (त्यांनीही कधी काही देऊ केलं नव्हतं, त्यामुळे पाळणं फारसं जड गेलं नाही.) गेल्या महिन्यात मात्र मी त्यांच्याकडे एक रेटिंग मागितलं.

त्याचं असं झालं. मी एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरत होतो. छापखाना बंद पडला. बायको म्हणाली, "हल्ली लोक घरबसल्या ऑनलाइन कामं घेतात, तुम्हीही बघा." मी एका वेबसाइटवर प्रोफाइल उघडलं. फोटो टाकला, 'अचूकता हाच माझा ध्यास' असं वाक्य टाकलं आणि छप्पन्न ठिकाणी अर्ज केले. एकाचंही उत्तर नाही. कारण माझ्या फोटोखाली लिहिलेलं होतं, 'अद्याप एकही अभिप्राय नाही.' अभिप्राय नाही म्हणून काम नाही, आणि काम नाही म्हणून अभिप्राय नाही.

माझी अवस्था वाईट झाली. अंघोळीला जातानाही फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून बरोबर न्यायचो. 'टिंग' वाजलं की ओल्या हातानंच फोनवर झडप घालायचो. शेजारच्यांच्या मायक्रोवेव्हचा आवाज नेमका तसाच होता. ते तिकडे काही गरम करायचे आणि मी इकडे थंड पडायचो. एकदा बायको फोनवर कोणाला तरी सांगत होती, "हे सध्या घरीच असतात." त्या 'सध्या'वर ती जरा जास्तच वेळ थांबली.

म्हणून मी शेवटी म्हटलं, "बाबांनाच सांगतो. ते साइटवर ग्राहक होतील, मला एखादं छोटं काम देतील आणि पाच स्टार देऊन टाकतील."

बायकोच्या हातातला इस्त्रीचा शर्ट तसाच राहिला. "बाबा? पाच स्टार? देऊन टाकतील?"

तिची शंका बरोबर होती. सासरे वजनमापं खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. चाळीस वर्षांत त्यांनी एकही तराजू पहिल्या खेपेला पास केला नव्हता. अजूनही ते रस्त्यातून जाताना दिसले की दुकानदार काट्यावरचा हात काढून घेतात. ते आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात. मी वर गेलो आणि चाचरत सगळं सांगितलं.

"म्हणजे खोटं काम दाखवायचं?" त्यांनी चष्मा काढला.

"नाही नाही बाबा! खरंच काम द्या. तुमच्या आठवणींची वही टाइप करून, तपासून देतो."

ते विचारात पडले. ती दोनशे पानांची वही छापावी, अशी त्यांची फार इच्छा होती. "ठीक आहे जावईबापू. पण सगळं नियमानं होईल."

त्यांनी वेबसाइटच्या नियम-अटी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या. (असं करणारे ते जगातले पहिलेच असावेत.) मग कामाची जाहिरात दिली. सगळ्यांसाठी खुली! तीन दिवसांत सतरा अर्ज आले आणि मी घाम पुसत पुन्हा वर गेलो.

"बाबा, काम मला द्यायचं ठरलं होतं ना?"

"अर्ज केलाय का तुम्ही?"

"नाही, पण मी जावई आहे."

"ते अर्जात लिहा. लपवू नका."

अठरावा अर्ज माझा. सासऱ्यांनी सगळ्यांना हस्ताक्षराचा नमुना पाठवला, तो बघून सतराच्या सतरा जणांनी माघार घेतली. अशा रीतीनं कडव्या स्पर्धेतून माझी निवड झाली. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "अभिनंदन," आणि तोंड फिरवून हसली.

पुढचे पंधरा दिवस मी त्या वहीत डोकं घालून बसलो. सासऱ्यांचा 'म' आणि 'प' जुळे भाऊ आहेत. काही अडलं तर वर जाऊन विचारायची सोय नव्हती. "जे बोलायचं ते साइटवर बोला, नोंद राहते." मी खाली मेसेज टाइप करायचो, वर त्यांची खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा आणि दहा मिनिटांनी उत्तर यायचं: 'आपला प्रश्न मिळाला. विचाराधीन आहे.' एकदा बायको म्हणाली, "खिडकीतून हाक मारा की!" मी मारलीसुद्धा. वरची खिडकी बंद झाली.

शेवटी काम वेळेत पाठवलं. सासऱ्यांनी ते लगेच स्वीकारलं. मला हायसं वाटलं. इतकं की त्या दिवशी मी फोन बाहेर ठेवून अंघोळ केली.

बाहेर येतो तर सासरे आमच्या दारात उभे. हातात फोन, चेहरा पांढरा.

"जावईबापू, प्रस्तावनेतली पहिली ओळ वाचा."

वाचली. वहीत होतं, 'चाळीस वर्षांत माझ्या हाताखालून लाखो मापं गेली.' मी 'म'चा 'प' वाचून आणि बाकीचं वाक्य त्याला जुळेल असं 'सुधारून' टाइप केलं होतं, 'चाळीस वर्षांत माझ्या हातून लाखो पापं झाली.'

"बदलतो, आत्ता बदलतो," मी म्हणालो. टॉवेल सावरायचंही भान नव्हतं.

"आता काय बदलता! मी ती खात्यातल्या सगळ्या निवृत्त मंडळींना पाठवली."

"न तपासता?" बायकोनं विचारलं.

सासरे खाली बघत म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदाच. म्हटलं, घरच्या माणसाचं काम आहे, चोखच असेल."

ओरडले असते तर परवडलं असतं. तेवढ्यात त्यांच्या फोनवर माजी उपसंचालकांचं उत्तर आलं: 'कबुली वाचली. मोठं धाडस केलंत. आमच्यानं झालं नसतं.' पाठोपाठ आणखी चौघांनी हात जोडले होते. एकानं तर वकिलाचा नंबर पाठवला होता.

मी काही सबब सांगितली नाही. सांगण्यासारखी नव्हतीच. त्या पाचही जणांना मी स्वतः फोन करून चूक माझी आहे असं सांगितलं. पण उपसंचालक शेवटपर्यंत म्हणत राहिले, "तुम्ही त्यांना पाठीशी घालताय, हे चांगलंय." वही पुन्हा पहिल्या पानापासून तपासून दिली.

मग अभिप्रायाची वाट. एक दिवस गेला, दोन गेले. वर खुर्ची सरकली की मी फोन उघडून बघायचो. चौथ्या दिवशी कळलं, सासऱ्यांनी वेबसाइटच्या ग्राहक सेवेला पत्र लिहिलंय: 'अडीच स्टार देण्याची सोय का नाही?'

पाचव्या दिवशी टिंग वाजलं. (मायक्रोवेव्ह नव्हता, मी शेजारी जाऊन विचारून आलो.) बायको आणि मी शेजारी बसून वाचू लागलो.

'तीन स्टार. प्रत्यक्षात अडीच. वरचा अर्धा नात्यामुळे नसून अर्धा स्टार देण्याची सोय नसल्यामुळे आहे. सदर इसम माझ्या मुलीचा नवरा आहे. काम वेळेत. वहीच्या पान एकशे बारावर चहाचा डाग. प्रस्तावनेत गंभीर चूक, त्यामुळे माझ्या चारित्र्याबद्दल गैरसमज. मात्र चूक दाखवल्यावर सबब सांगितली नाही; असा माणूस मला नोकरीत दोनदाच भेटला. पुन्हा काम देईन का? देईन. तपासून घेईन.'

मी डोक्याला हात लावला. पहिला आणि एकमेव अभिप्राय, तोही जगाला दिसेल असा! बायको मात्र म्हणाली, "दोनदाच भेटला म्हणतायत. बाबांनी माझ्याबद्दलसुद्धा कधी इतकं चांगलं लिहिलं नाही." तिच्या डोळ्यांत चक्क पाणी होतं.

आणि दुसऱ्या दिवशी चमत्कार झाला. एका अनोळखी कंपनीचा मेसेज! 'तुमच्या प्रोफाइलवरचा अभिप्राय आमच्या पूर्ण टीमनं वाचला. आम्हाला तातडीनं माणूस हवा आहे.' मी आनंदानं ओरडलो. बायको धावत आली. सासरेही खाली आले. मी सगळ्यांसमोर पुढची ओळ मोठ्यानं वाचली.

'इतकं नेमकं आणि निर्भीड लिहिणारा माणूस आम्ही कित्येक दिवस शोधतोय. कृपया ज्यांनी हा अभिप्राय लिहिला, त्यांचा संपर्क द्यावा.'

आता सासरे त्या कंपनीच्या वस्तू तपासून अहवाल लिहितात. त्यांना पहिल्याच आठवड्यात पाच स्टार मिळाले. मलाही काम मिळालंय. रोज सकाळी वर जाऊन त्यांचा कॉम्प्युटर सुरू करून द्यायचा. परवा माझ्याकडून पासवर्ड दोनदा चुकला, तर ते म्हणाले, "राहू द्या जावईबापू, मुलीला पाठवा."