हा इसम नसल्यास काय अडेल?

देशाकडे सैन्य एकच होतं आणि त्याच्यासाठी कामं दोन निघाली होती. नदीपलीकडच्या देशात भाऊबंदकी पेटली होती. तिथे जाऊन शांतता प्रस्थापित करावी, असं निम्म्या देशाचं म्हणणं होतं. उरलेल्या निम्म्या देशाचं म्हणणं होतं की तिकडची माणसं नदी ओलांडून इकडे घुसताहेत, तेव्हा सैन्याने गुमान घरी थांबावं आणि आधी आपलं दार सांभाळावं. अशा प्रसंगी कोणताही सुजाण देश जे करतो तेच या देशाने केलं. प्रकरण तुलना कक्षाकडे पाठवलं.

तुलना कक्ष मंत्रालयाच्या तळमजल्यावर, सायकलींच्या शेडला लागून होता. तिथे एक टेबल, एक शिपाई आणि एक भलामोठा पितळी तराजू होता. दोन खात्यांचं एखाद्या गोष्टीवर पटेनासं झालं की दोघांनी आपापलं म्हणणं लेखी द्यायचं, फायली दोन पारड्यांत ठेवायच्या आणि जी जड ती मान्य करायची, अशी तिथली पद्धत. या पद्धतीत एक मोठी सोय होती. फाईल कोणाला वाचावी लागत नसे. कक्षप्रमुखांना सगळे तराजूसाहेब म्हणत. साहेबांचा हात स्थिर होता, नजर स्थिर होती आणि त्यांना स्वतःचं असं मत नव्हतं. सरकारी नोकरीत हे तिन्ही गुण एका माणसात क्वचित सापडतात.

ठरल्या दिवशी परदेश खात्याचे सचिव आणि गृहखात्याचे सचिव आपापल्या फायली ढकलगाडीवर घालून हजर झाले. परदेशवाल्यांनी परिशिष्ट म्हणून लोखंडी पट्टी शिवली होती. गृहवाल्यांच्या फाईलमध्ये मधली बरीच पानं फरशीची होती. साहेबांनी तराजू उचलला. काटा मधोमध उभा राहिला तो हलेचना.

"माझं पारडं जरासं खाली आलंय बघा," परदेश सचिव म्हणाले.

"ती तुमच्या बाजूची जमीन खचलीय," गृहसचिव म्हणाले.

तेवढ्यात परदेशच्या पारड्यावर एक माशी बसली आणि पारडं खरोखरच तसूभर झुकलं. परदेश सचिवांनी टाळी वाजवली. टाळीने माशी उडाली ती गृहच्या पारड्यावर जाऊन बसली. मग दोघंही माशीची मनधरणी करू लागले. शेवटी शिपायाने फडक्याने तिला हाकललं आणि काटा पुन्हा मधोमध आला. साहेबांनी शेरा लिहिला, 'दोन्ही बाजू सारख्याच जड.' शेरा मंत्र्यांकडे गेला.

"मग दोन्ही करा," मंत्री म्हणाले.

"सैन्य एकच आहे, सर," तराजूसाहेब म्हणाले.

"तर मग जोरात करा."

अशा रीतीने ठरलं की झाडून सगळं सैन्य पलीकडे पाठवायचं आणि त्याच वेळी पलीकडची झाडून सगळी माणसं इथून काढायची. पण सरसकट काढली तर लोक निर्दय म्हणतील, म्हणून कसोटी लावायचं ठरलं, आणि ती तयार करायचं काम तराजूसाहेबांवर आलं. साहेबांनी दोन रात्री डोकं खाजवून एकच प्रश्न लिहिला: 'हा इसम येथे नसल्यास येथील कोणाचे काय अडेल?' नदीपलीकडून येणाऱ्या प्रत्येक इसमाला हा प्रश्न लावायचा आणि उत्तर इथल्याच साक्षीदाराने द्यायचं. काही अडत नसेल तर इसमाची नदीपलीकडे रवानगी. खाली टीप: नाते, माया, सवय व शेजार यांचा विचार करू नये. मसुद्यात 'अपवाद' असा एक रकाना होता. तो साहेबांनी स्वतःच्या हाताने खोडला. तो खोडताना त्यांना फार बरं वाटलं.

आता हे घरी सांगायचं होतं. साहेबांच्या घरी पत्नी, पलंगाला खिळलेली आई आणि छोटू एवढी माणसं. छोटू म्हणजे सहा फूट उंचीचे त्यांचे चिरंजीव. सैन्यात जवान होते. याशिवाय पल्याडबाई. ती नदीपलीकडची, म्हणून पल्याडबाई. आईला उठवणं, न्हाऊ घालणं, वेणी घालणं, तिच्याशी भांडणं आणि संध्याकाळी ते मिटवणं हे सगळं तीच करायची.

"छोटू उद्या निघेल," साहेबांनी जाहीर केलं. "आणि बाईंची चौकशी होईल. आई, तू साक्षीदार. ही नसली तर तुझं काय अडेल?"

"अडायचं काय राहील ते विचार," आई म्हणाली. "सकाळी मला उठवणार कोण? पाठ कोण चोळणार? माझी गोळी कोणती ते तुला तरी ठाऊक आहे का रे?"

"ही कामं इथला कोणीही माणूस करू शकतो."

"कोण? तू?"

"कोणीही. जरा राष्ट्रीय पातळीवर विचार कर, आई."

"मी पलंगाच्या पातळीवर आहे," आई म्हणाली. मग तिचा आवाज एकदम उतरला. "अरे, ती माझी आहे."

"तसा रकाना नाही," साहेब म्हणाले आणि त्यांनी कागदाची घडी घातली.

पत्नी दारात उभी राहून सगळं ऐकत होती. "अहो, म्हणजे आपलं पोर तिकडे पाठवायचं आणि तिकडची बाई घालवायची," ती म्हणाली. "मग घरात राहिलं कोण, तुम्ही?" या वाक्यात टोमणा होता की निव्वळ भीती, हे साहेबांना कळलं नाही. छोटूने आजीला उचलून शेवटचं एकदा अंगणात नेऊन आणलं आणि तो निघाला. त्याच संध्याकाळी बाईही पिशवी घेऊन निघाली. आईने भिंतीकडे तोंड केलं.

पलीकडे सैन्याने शांततेला प्रारंभ केला. शांतता इतकी दणक्यात सुरू झाली की पहिल्याच आठवड्यात दोन पूल आणि एक बाजार शांत झाला. जी माणसं भाऊबंदकीत घर सोडून हलली नव्हती ती शांततेला भिऊन मुलांबाळांसकट नदीकडे धावत सुटली. नदीवरच्या फाटकापाशी येऊन बघतात तर तिथे कोणीच नव्हतं. फाटक सांभाळणारे त्यांच्याच गावात शांतता करत होते. गृहसचिवांच्या तोंडचं पाणी पळालं. फाटकावर ताबडतोब नवे पहारेकरी भरायची जाहिरात निघाली.

इथल्या एकाही तरुणाने अर्ज केला नाही. उन्हात उभं राहायचं काम, तेही धुळीत. आमच्या मुलांना ते झेपणारं नाही, असं पालकांनी एकमुखाने कळवलं. अर्ज आले ते सगळे पलीकडच्या माणसांचे. त्यांना उन्हाची सवय होती, धुळीची सवय होती आणि नदी कुठे कुठे उथळ आहे हे त्यांना तोंडपाठ होतं. कसोटी लागली. हे इसम नसल्यास काय अडेल? फाटक अडेल. सगळे पहिल्या झटक्यात उत्तीर्ण झाले. त्यांत पल्याडबाईही होती. तिला खाकी गणवेश, शिट्टी आणि फाटकाच्या दांड्याची दोरी मिळाली. पलीकडून येणाऱ्या प्रत्येकाला ती दांडा आडवा टाकून विचारायची, "कुठून आलात? तुम्ही नसलात तर कोणाचं काय अडेल?"

इकडे घरात साहेबांनी 'कोणीही' हे पद स्वतः सांभाळायला घेतलं होतं. पहिल्याच दिवशी आईला न्हाणीघरात बसवताना त्यांनी स्टूल भक्कम धरलं आणि आईला सोडलं. गोळ्या त्यांनी रंगाच्या क्रमाने दिल्या. वेणी घालायला बसले तर तीन पेडांपैकी एक पेड हरवला. आईने चार दिवस कळ काढली. पाचव्या दिवशी सून म्हणाली, "टॅक्सी बोलावू का?" आणि सासूने आपल्या दोन साड्या स्वतःच पिशवीत भरल्या. टॅक्सी थेट फाटकापाशी जाऊन थांबली.

तिथे आईची पंचाईत झाली नाही. उलट फाटकाची सोय झाली. कसोटीला इथला साक्षीदार लागतो आणि इथलं कोणी त्या धुळीत बसायला तयार नव्हतं. पल्याडबाईने आजींना पहाऱ्याच्या खोलीत खाट दिली, सकाळी न्हाऊमाखू घातलं आणि खुर्चीवर बसवून साक्षीदार नेमलं. आईच्या गालांवर पुन्हा रंग आला. येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी हा तिचा जन्मभराचा छंद, आता त्याला सरकारी शिक्का मिळाला होता.

पुढे एके दिवशी पलीकडची शांतता संपली, म्हणजे शांत करण्याजोगं काही उरलं नाही, आणि सैन्य विजयी होऊन परतलं. पुढे बँड, मागे रणगाडे, मधे सेनापती. पल्याडबाईने दोरी सोडली. दांडा धाडकन खाली आला.

"कुठून आलात?"

"कुठून म्हणजे? तिकडून!" सेनापती गरजले.

"मग रांग लावा."

फोन मंत्रालयात गेला. नियम सांगत होता, नदीपलीकडून येणारा प्रत्येक इसम. आणि सैन्य तर नक्कीच पलीकडून आलं होतं. नियम कोणाचा? तराजूसाहेबांचा. साहेब धापा टाकत फाटकापाशी पोहोचले तेव्हा चौकशी रंगात आली होती.

"हा पोरगा काय करतो?" आई विचारत होती.

"नळ दुरुस्त करतो, आजी. सैन्यात यायच्या आधी तेच करायचो."

"आमच्या गल्लीतला नळ वर्षभर गळतोय. सोड ग याला. आणि हा? न्हावी? डोकी बघ सगळ्यांची कशी वाढलीत. त्यालाही सोड."

भराभर जवान आत येत होते. कोणी पाव भाजणारा, कोणी गवंडी, कोणी नुसताच गाणारा. गाणाऱ्याला आईने एक गाणं म्हणायला लावलं आणि मग सोडलं. घोडं अडलं ते सेनापतींपाशी. "मी नसतो तर युद्धच अडलं असतं!" ते छाती काढून म्हणाले.

"मग बरंच झालं असतं की," आई म्हणाली. सेनापती बाजूला उभे राहिले.

आणि मग रांगेत साहेबांना छोटू दिसला, वाळलेला, दाढी वाढलेला. साहेबांना नियम, पद, भोवताल कशाचंही भान राहिलं नाही. ते दांड्याखालून वाकून पलीकडे गेले आणि सहा फुटी छोटूला त्यांनी कडकडून मिठी मारली. दोघंही रडले. छोटूचा नंबर आला. "हा नसला तर मला अंगणात कोण नेणार?" आई म्हणाली, आणि छोटू आत गेला. त्याच्या मागोमाग साहेब निघाले. दांडा खाली आला.

"कुठून आलात?" पल्याडबाईने विचारलं.

"अहो बाई, आत्ता तुमच्यासमोरून वाकून गेलो ना!"

"गेलात ते बघितलं, साहेब. आता येताय कुठून?"

साहेबांनी मागे वळून पाहिलं. मागे नदी होती. त्यांची पाचावर धारण बसली.

"साक्षीदार, बोला," बाई हळूच म्हणाली. "हे नसले तर कोणाचं काय अडेल?"

आई विचारात पडली. तिने मनापासून विचार केला, डोळे मिटून केला. मग म्हणाली, "ऑफिसात विचारून बघ."

ऑफिसात शिपायाने फोन घेतला. "अडलं तर काही नाही," तो म्हणाला. "साहेब नाहीत म्हणून तराजू बंद आहे. तर सकाळपासून दोन्ही सचिव एकमेकांच्या फायली वाचत बसलेत. निम्म्या गोष्टींवर पटलंयसुद्धा त्यांचं."

"सूनबाईला लाव," आई घाईने म्हणाली.

"अडत नाही काही," पत्नी फोनवर म्हणाली. "पण बाई, त्यांना म्हणावं लवकर या. घर कसंनुसं वाटतं."

बाईने टीप वाचली. सवयीचा विचार करू नये. तिने मान हलवली आणि पुन्हा आजींकडे पाहिलं.

"नाही ग अडत," आई रडवेली होऊन म्हणाली. "पण तो माझा आहे."

पल्याडबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने नियमाचा कागद वरपासून खालपर्यंत वाचला, उलटा करून मागची बाजूही बघितली. मागे काही नव्हतं. "आजी," ती म्हणाली, "तसा रकाना नाही. होता, पण कोणीतरी खोडलाय."

साहेब अजून फाटकापलीकडेच आहेत. त्यांना सोडवायला दोन्ही सचिव गेले, दांड्याखालून वाकले आणि तिकडेच राहिले. त्यांना सोडवायला मंत्री गेले. आता पलीकडे चौघं आणि सेनापती मिळून रोज बैठक घेतात. छोटू दुपारी डबा नेऊन देतो, आणि आई दांड्यावरून हात घालून लेकाच्या डोक्यावरून फिरवते; त्याला नियमात मनाई नाही. देश व्यवस्थित चालला आहे. कुठे काहीही अडलेलं नाही.

तुम्हाला हसू येत असेल तर खुशाल हसा. फक्त त्या बाजूला फिरायला जायचं मनात असेल, तर निघण्यापूर्वी घरात चहा पिता पिता सहज विचारून बघा, मी नसलो तर तुमचं काय अडेल? चटकन उत्तर आलं तर बिनघोर जा. पण समोरचं माणूस कप खाली ठेवून म्हणालं, "असं काय विचारता, तुम्ही आमचे आहात," तर मात्र घराबाहेर पडू नका.