सतरावी ओळ

माझ्या लग्नाची पत्रिका रामटेकेजींनी परत पाठवली होती. सोबत चिठ्ठी: "त्या तारखेले बुधवार येते, तुमी गुरुवार छापला. पत्रिका वापस." मी पेनाने वार सुधारून पुन्हा दिली, तेव्हा कुठे ते आणि कुंदावहिनी लग्नाला आले.

भंडाऱ्याबाहेरच्या एका राईस मिलमध्ये आम्ही शेजारी बसतो. मी गाड्या रवाना करतो आणि घरी ड्रायव्हर छळू नयेत म्हणून फोन बंद ठेवतो. रामटेकेजी फाइली तपासतात. कोणत्या गाडीत कोणता तांदूळ, किती कट्टे म्हणजे पोती, हे आमचा कॉम्प्युटर पुण्याच्या व्यापाऱ्याच्या कॉम्प्युटरला कळवतो. एक रकाना जरी चुकला, तर तिकडून अख्खी फाइल परत येते आणि गाडी फाटकाबाहेर ताटकळते. तपासणीचा प्रोग्राम हिरव्या अक्षरात 'पास' दाखवतो, तरी रामटेकेजी पडद्याला फूटपट्टी लावून ओळन्‌ओळ वाचतात.

"प्रोग्राम रकाना भरला का तेवढं पाहाते. खरं भरलं का, ते कोण पाहीन?"

एकदा मी घाईत ड्रायव्हरचं नाव तांदळाच्या रकान्यात टाकलं आणि तांदळाचं ड्रायव्हरच्या. प्रोग्रामने पास केलं. "घ्या! चिन्नोर गाडी चालवून राहिला अन् गजानन कट्ट्यात बसला. वापस!"

त्यांचा खरा राग मात्र 'इतर' या पर्यायावर. "इतर म्हंजे कोणीच नाई. आळशी माणसाची सोय आहे ते." ज्याने 'इतर' निवडलं, त्याची फाइल वापस.

गेल्या महिन्यात कामगारांच्या विम्याची फाइल पाठवायची होती. पाचच्या आत मंजूर झाली नाही तर हमालांपासून ड्रायव्हरांपर्यंत कोणाचाच विमा नाही. चार वाजता फाइल परत आली. सतराव्या ओळीतला फोन नंबर बंद. यंदापासून विमावाले नंबरही तपासत होते. आता कोणाची तरी खरडपट्टी निघणार, म्हणून मी मजेत ती ओळ उघडली.

ओळ रामटेकेजींचीच होती. अडचणीत कोणाला कळवायचं? कुंदा रामटेके. नातं, पत्नी.

कुंदावहिनींना जाऊन दोन वर्षं झाली. वैनगंगेच्या घाटावर मीही होतो.

"मागच्या साली पास झालं होतं," ते फूटपट्टीकडे बघत म्हणाले. "खोटं आहे, मले ठाऊक होतं. पण दुसरं कोणाचं टाकू? लेकरू नाई, बाळ नाई. रकाना रिकामा ठेवता येत नाई."

"माझं टाका," मी म्हणालो.

"नातं?"

यादीत शेजारी नव्हता, मित्रही नव्हता. "भाऊ टाका, कोण बघतंय?"

"खोटं नाई चालत."

पाचला दहा मिनिटं उरली. रामटेकेजींनी यादी वरून खाली, खालून वर वाचली. मग मान खाली घालून 'इतर' निवडलं. माझा नंबर एकेक आकडा करत तीनदा माझ्याकडून वदवून घेतला आणि फाइल पाठवली. ती मंजूर झाली.

चष्मा पुसत ते हळूच म्हणाले, "तुमी घरी फोन बंद ठेवता नं?"

हल्ली जेवताना ड्रायव्हर मला हमखास छळतात. छळोत बापडे.