सर कोणाकडे चहाला गेले?

आमच्या सोसायटीत कोणी काही वावगं केलं की त्याच्या दाराची बेल सगळ्यांत आधी वाजवतात ते म्हात्रे सर. अंगात इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन आणि चेहऱ्यावर लग्नाचं आमंत्रण घेऊन आल्यासारखं हसू. दार उघडलं की म्हणतात, "चहा टाका. साखर कमी."

कचऱ्याची पिशवी गॅलरीतून खाली सोडताना एक गृहस्थ सापडले, सर संध्याकाळी त्यांच्याकडे चहाला. पाण्याच्या लाइनला चोरून पंप लावणारे पकडले गेले, सर त्यांच्याकडे. एका भाडेकरूने पिऊन जिन्यातच मुक्काम ठोकला, तर सकाळी तो उठायच्या आधी सर त्याच्या दारात. माणसाला आपल्या घरात शिरायची लाज वाटत होती आणि हे आपले त्याच्या आधी सोफ्यावर.

परिणाम असा झाला की सर कोणाकडे चहाला गेले यावरून कोणी काय केलं असेल याचा तपास सुरू होऊ लागला. एका रविवारी ते आमच्याकडे आले. बायकोने चहा टाकला, पण त्याआधी माझ्याकडे असं काही पाहिलं की मी गेल्या दोन-तीन वर्षांची उजळणी केली. समोरच्या पाटीलवहिनींचं दार किलकिलं झालं. सरांना फक्त आमची शिडी हवी होती, पंख्यावरची जळमटं काढायला. शिडी गेली, सर गेले, तरी बायको आठवडाभर अधूनमधून मला विचारत होती, "काही सांगायचं आहे का तुम्हाला?"

सरांनी सगळी नोकरी कॉलेजात समाजशास्त्र शिकवण्यात काढली. त्यातही त्यांचा जीव गुन्हा आणि शिक्षा या विषयावर. आता निवृत्त होऊन नवीन पनवेलच्या आमच्या या चार मजली, बिनलिफ्टच्या इमारतीत तळमजल्यावर एकटे राहतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी बंगळुरूला. विद्यार्थी उरले नाहीत म्हणून सगळी सोसायटीच त्यांनी वर्गात बसवली आहे. चोरीची बातमी आली की आपण विचारतो, कोणी केली? सर विचारतात, "ते नंतर. ही चोरी आहे असं कोणी ठरवलं?" हा प्रश्न ते इतक्या गोडीने विचारतात की समोरच्याला आपण फिर्यादी आहोत की आरोपी, हे कळेनासं होतं.

मूळचे ते इथलेच, उरणच्या रस्त्यावरच्या एका गावातले. बोलणं अगदी वर्गातलं, शुद्ध. मात्र वाद तापला की जीभ गावी जाते. मीटिंगमध्ये सरांच्या तोंडून 'आमी' आणि 'नाय' येऊ लागलं की सेक्रेटरी घाईघाईने आभार मानून मोकळे होतात.

तिसऱ्या मजल्यावरचे पोतदारकाका हे सरांचं आवडतं उदाहरण. काका धार्मिक. रोज पहाटे पिशवी आणि आकडी घेऊन निघतात आणि आजूबाजूच्या चार सोसायट्यांची जास्वंद, तगर, चाफा देवाच्या नावाने जमा करून आणतात. कोणाला विचारणं वगैरे भानगड नाही. एकदा आमच्या वॉचमनने गेटजवळची दोन फुलं तोडून आपल्या केबिनमधल्या तसबिरीला वाहिली. काकांनी लेखी तक्रार केली. सर मीटिंगमध्ये उभे राहिले आणि अत्यंत आदराने म्हणाले, "पिशवीभर फुलं घेतली तर पूजा आणि दोन घेतली तर चोरी, हा नियम मला नीट समजावून सांगा." काका सहा महिने सरांशी बोलले नाहीत. सर अर्थातच दुसऱ्या दिवशी काकांकडे चहाला गेले.

चपला चोरीला जाण्याची साथ आली होती तेव्हा तर सर विलक्षण खुशीत होते. सगळे बिऱ्हाडकरू जिन्यात जमले होते. दहा-दहा वर्षं शेजारी राहणाऱ्यांनी त्या दिवशी एकमेकांची पहिली नावं विचारली. कोणी थर्मासमधून कॉफी आणली. सर म्हणाले, चोर सापडला तर त्याला शाल-श्रीफळ द्या, कारण स्नेहसंमेलनाला जे जमलं नाही ते त्याने करून दाखवलं. त्यांचं म्हणणं, समाजाला अधूनमधून एखादा गुन्हेगार लागतोच. सगळे शहाण्यासारखे वागायला लागले तर लोक शिंकण्याला गुन्हा ठरवतील, पण कोणाला तरी पकडतील. हे ज्यांच्या नव्या कोऱ्या चपला गेल्या होत्या त्यांना सांगायची वेळ नव्हती, एवढंच.

तर असे सर. आम्ही त्यांना हसायचो. माझी बायको म्हणायची, समाजशास्त्र वगैरे काही नाही, ह्यांना स्वतःला चहा करायचा कंटाळा आहे.

गेल्या उन्हाळ्यात मात्र सोसायटीला खराखुरा गुन्हेगार मिळाला. दुसऱ्या मजल्यावरच्या सुर्वेकाकूंचा निखिल. भर दुपारी पोलिसांची जीप गेटात आली आणि त्याला घेऊन गेली. नव्या विमानतळावर नोकरी लावून देतो असं सांगून त्याने पोरांकडून पैसे घेतले होते. घेतले होते यात शंका नव्हती, त्याने स्वतःच कबूल केलं. सुर्वेकाका पूर्वीच वारले होते, त्यामुळे घरात काकू एकट्या उरल्या.

त्यानंतर जे झालं ते कोणी ठरवून केलं नाही. भजनी मंडळाचा निरोप काकूंना मिळेनासा झाला. सोसायटीच्या ग्रुपवर त्यांच्या 'शुभ सकाळ'ला कोणी साधं फूलसुद्धा परत पाठवेना. जिन्यात त्या दिसल्या की समोरच्याला नेमकी त्याच वेळी पर्समधली किल्ली शोधावी लागायची. वाईट कोणीच बोललं नाही. बोललंच नाही.

सर रोज संध्याकाळी त्यांच्याकडे चहाला जाऊ लागले. एरवी एखाद-दुसऱ्या दिवसात त्यांचं भागायचं. इथे उन्हाळा संपला, पावसाळा अर्धा सरला, तरी सर आपले दुसऱ्या मजल्यावर. कुजबुज व्हायची ती झालीच. शेवटी सेक्रेटरींनी मीटिंगनंतर हटकलं, की सर, त्या पोराने इतक्या लोकांना बुडवलं आणि तुम्ही त्याची बाजू घेता.

"त्याची बाजू नाय घेत मी," सर म्हणाले. जीभ गावी निघाली होती. "त्यानं वाईटच केलं. त्याच्यासाठी कोर्ट हाय. पन या बाईची केस कुठल्या कोर्टात चालू हाय, ते सांगा. ठराव नाय, मतदान नाय, आनि शिक्षा चालू."

सेक्रेटरींनी आभार मानले.

काकूंना या भेटींचं काय वाटायचं, ते त्यांनी पुढे आमच्या घरी सांगितलं. सर त्यांना समजावून सांगायचे की एखाद्याला दूर ठेवलं की बाकीच्यांना आपण स्वच्छ आहोत असं वाटतं, त्यामुळे यात व्यक्तिशः घेण्यासारखं काही नाही. काकू म्हणाल्या, "ते काय बोलायचे त्यातलं निम्मं मला कळत नव्हतं. पण ते गेले की धुवायला दोन कप असायचे. बरं वाटायचं."

गणपती आले. काकूंकडे दीड दिवसाचा असतो. मूर्ती आणायचं काम निखिलचं, या वर्षी ती सरांनी रिक्षातून आणली. डोक्यावर टोपी नाही, तोंडाने जयजयकार नाही. मांडीवर टीव्ही सांभाळत आणावा तसा त्यांनी गणपती आणला. देवाधर्माचं विचारलं की सर नेहमी म्हणत, "माझा देवाला विरोध नाही. आमची ओळख नाही, इतकंच." सार्वजनिक असो की घरगुती, सरांना आरतीला उभं राहिलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

मूर्ती ठेवताना काकू त्यांना म्हणाल्या होत्या, की हा शेवटचा गणपती. आज आरतीला माणसं आली तर आली. नाही आली, तर पुढच्या वर्षी आणणार नाही. ज्या घरात आरतीला माणूस नाही तिथे देवाला कशाला कोंडून ठेवायचं? घर विकायचं आणि चिपळूणला भावाकडे जाऊन राहायचं. एवढं बोलायचा अवकाश, सर चहा न घेताच निघून गेले. हे पहिल्यांदाच घडत होतं, म्हणून काकूंच्या लक्षात राहिलं.

आमच्या इमारतीची पद्धत अशी की पहिल्या संध्याकाळची आरती वरून खाली येते. चौथ्या मजल्यावरून सुरुवात, मग ज्याच्या ज्याच्या घरी गणपती असेल तिथे थांबत तळमजल्यापर्यंत. सगळी मंडळी एकत्र, दर घराला गर्दी वाढत जाते. पुढे पोतदारकाका, हातात घंटा. आरतीच्या बाबतीत काका कडक. एखाद्याने ऱ्हस्वाचं दीर्घ केलं तरी मान वळवून बघतात. आरतीचा क्रम चुकवणं हा त्यांच्या दृष्टीने चपला चोरण्यापेक्षा मोठा गुन्हा.

त्या संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरची आरती झाली आणि आम्ही जिना उतरू लागलो. दुसऱ्या मजल्यावर काकूंचं दार सताड उघडं होतं. रांगोळी होती, समई लावलेली होती, दाराशी काकू नवी साडी नेसून उभ्या होत्या. काकांनी घंटा वाजू नये म्हणून मुठीत धरली आणि ते सरळ खाली उतरले. घंटा जिकडे जाते तिकडे गर्दी जाते. सगळी गर्दी त्या दारासमोरून उतरली. पहिल्या मजल्यावरच्या घरात आम्ही जाऊन उभे राहिलो, निरांजन पेटलं, काकांनी घंटा उचलली, आणि तेवढ्यात वरून आवाज आला.

आवाज सरांचा होता. शेवटच्या बाकावर पोचणारा, खडूच्या धुळीतला. ते एकटेच काकूंच्या घरात गणपतीची आरती म्हणत होते. पहिल्या दोन ओळी बऱ्या गेल्या. मग चाल सुटली. टाळ्या शब्दांच्या मागे धावायला लागल्या. पहिलं कडवं संपतं न संपतं तोच सर थेट देवीच्या आरतीत शिरले. खालच्या घरात आमच्यापैकी काहींना हसू आवरेना. काकांनी डोळे मिटून घेतले. देवीच्या आरतीतून सर शंकराच्या आरतीत गेले, तिथे एक ओळ आठवेना म्हणून आधीचीच पुन्हा म्हटली, आणि मग गणपतीकडे परत आले, पण तिसऱ्या कडव्यावर.

काकांनी डोळे उघडले. "हे चालायचं नाही," ते म्हणाले, वळले, आणि गुडघ्यांची तक्रार असलेला तो माणूस दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला. घंटा जिकडे जाते तिकडे गर्दी जाते. काकूंच्या दारात चपलांचा ढीग पडला. आत जाऊन काकांनी सरांसमोर हात वर केला. "थांबा. पहिल्यापासून. आणि माझ्या मागून म्हणा."

पहिल्यापासून झाली. गणपतीची झाली, देवीची झाली, शंकराची, विठोबाची झाली, मंत्रपुष्पांजली झाली. मोदक कमी पडले, तेव्हा काकूंनी एकाचे दोन-दोन केले. मधेच त्या कोणाला तरी ओरडल्या की चपला दारात नका पसरू, माणसाला पाय ठेवायला जागा राहू द्या. बऱ्याच महिन्यांनी त्या कोणावर तरी ओरडत होत्या. पाटीलवहिनींनी स्वयंपाकघरात जाऊन न विचारता भांडी घासायला घेतली.

खाली उतरताना मी सरांना गाठलं. मी खूश होतो. म्हटलं, सर, मानलं तुम्हाला, काका काय केलं तर वर येतील हे बरोबर ओळखलंत. प्रयोग शंभर टक्के यशस्वी. इतकं चुकीचं म्हणायला आधी पाठ करावं लागलं असेल.

सर एका पायरीवर थांबले.

"मुद्दाम कशाला करीन?" ते म्हणाले. "मना आरती येतच नाय."

मग जिन्यातच उभं राहून त्यांनी सांगितलं. ते लहान असताना त्यांच्या वडिलांनी गावातल्या एका तंट्यात गावकीच्या विरुद्ध साक्ष दिली. गावकीने घर वाळीत टाकलं. दुकानात वाण्याने सामान द्यायचं नाही, विहिरीवर कोणी बोलायचं नाही, बोलेल त्यालाही दंड. गणपती आला तेव्हा घरात आई, वडील आणि हे, एवढीच माणसं. वडिलांनी आरती सुरू केली आणि मधेच त्यांचा आवाज बसला. आईने पुढे न्यायचा प्रयत्न केला, तिलाही जमेना. पुढच्या वर्षी वडिलांनी गणपती आणला नाही, आणि मग कधीच आणला नाही.

हे सगळं त्यांनी एखाद्या दुसऱ्याच गावची माहिती सांगावी तसं सांगितलं. शेवटचं तेवढं जरा थांबून बोलले.

"आरती कोन पुस्तकातून शिकत नाय. गर्दीत उभं ऱ्हायचं, मोठी मानसं म्हनतात तसं तोंड हलवायचं, न् एक दिवस ती येते. आमच्याकडं गर्दीच नव्हती."

वाईट वाटलं, फार वाटलं. सर "चला" म्हणाले आणि आपल्या घराचं कुलूप उघडून आत गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंच्या गणपतीची उत्तरपूजा होती. जिन्यापर्यंत माणसं उभी होती. सर सगळ्यांच्या आधी येऊन पोतदारकाकांच्या अगदी शेजारी उभे राहिले होते. घंटा वाजली, आरती सुरू झाली. सर काकांच्या तोंडाकडे बघत होते आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवत होते.