अण्णांच्या मोटारीची गळती

त्या दुष्काळात आमचं सगळं गाव सकाळी उठून आभाळाकडं बघायचं. रंगनाथअण्णा तेवढे जमिनीकडं बघायचे. अंगणात लिंबाखाली त्यांची लाल मोटार उभी असे. अण्णा चूळसुद्धा न भरता, धोतर सावरत, तिच्यापुढं पालथे पडत आणि खाली अंथरलेला पेपर हळूच ओढून बाहेर काढत. पेपरावर एक काळा थेंब असे. तो उन्हात धरून अण्णा गंभीरपणे जाहीर करत, "आज उजवीकडं सरकलाय." मग घरातून काकूंचा आवाज येई, "निकाल वाचून झाला आसंल तर च्या घ्या."

पेपर वाचून मग त्यावर तेलकट भजी खाणारे मी पुष्कळ बघितले. आधी तेल पाडून मग पेपर वाचणारे अण्णा एकटेच.

मी तेव्हा नेकनूरच्या अलीकडच्या त्या गावात दूध सोसायटीत फॅट लावायच्या कामाला होते. माहेर बीडचं, राहायला अण्णांच्या शेजारी भाड्याची खोली. फॅट लावणं म्हणजे कुणाच्या दुधात साय किती ते यंत्रावर बघणं, आणि पाणी किती ते कळूनही गप्प बसणं. त्या वर्षी दुधात घालायलासुद्धा पाणी नव्हतं, त्यामुळं दूध फार चांगलं यायचं. फक्त येतच नव्हतं. चारा संपला, जनावरं बाजारात गेली, कॅन रिकामे राहू लागले. सोसायटीचे चेअरमन वर्षानुवर्षं अण्णाच होते. "आता तरण्यांनी बगावं," म्हणून त्यांनी आपण होऊन खुर्ची सोडली. खुर्ची गेली तशी अंगणातली गर्दीही गेली. पूर्वी ज्या अंगणात चपला ठेवायला जागा नसायची, तिथं आता एक मोटार ऐसपैस उभी राहू शकत होती.

ही मोटार आली त्याचीही कथाच आहे. अण्णा हैदराबादला म्हैस बघायला गेले होते. परत आले ते हिच्यात बसून. विलायती बनावटीची, दोनच माणसांची बैठक, डोक्यावर कापडी छप्पर, आणि उंचीला इतकी बुटकी की रस्त्यावरची शेळी आत डोकावून बघायची. कधीकाळी ती म्हणे शर्यतीत पळायची. आमच्या रस्त्यावर ती बैलगाडीच्या मागं मागं चालायची. काकू म्हशीला ओवाळायला ताट घेऊन दारात आल्या होत्या. ताट तसंच हातात धरून त्यांनी विचारलं, "ही दूध किती देती?"

युसूफचाचा तोवर वाकून मोटारीखाली बघत होते. ते म्हणाले, "दूध न्हाई भाभी, पर तेल देती."

युसूफचाचा गावचे ट्रॅक्टर मिस्त्री. अण्णांचे शाळेपासूनचे दोस्त. अख्खं गाव अण्णांना 'अण्णा' म्हणे, चाचा मात्र 'रंगनाथ' म्हणत आणि जास्तच प्रेम आलं तर 'बे'. दुष्काळात ट्रॅक्टर उभे राहिले आणि चाचांचं काम बंद पडलं. मग रोज सकाळी पान्यांची पिशवी घेऊन ते अण्णांच्या अंगणात येत आणि दोघं मिळून त्या एका थेंबाचं मूळ शोधत.

अण्णांचा सिद्धान्त असा की, "तेल गळतं वरून आन डाग दिसतो खाली. सहकाराचं बी तसंच हाय." हे वाक्य ते दिवसातून इतक्या वेळा म्हणत की काकू पुढचं अर्धं स्वयंपाकघरातून पुरं करत. दुसरं आवडतं वाक्य, "थेंब खोटं बोलत न्हाई." एकदा तर तो थेंब दुधाच्या नमुन्याच्या बाटलीत धरून ते माझ्याकडं आले.

"पोरी, येवढी फॅट लाव बरं."

"अण्णा, हे इंजिन ऑइल आहे."

"त्येच तर बगायचंय! इंजिनाचं हाय का गिअरचं? युसूफ म्हणतो इंजिनाचं, मी म्हणतो गिअरचं. तुज्या मशिनीला इचार."

मी मशीनला विचारलं नाही. मशीन सोसायटीचं होतं आणि नोकरी माझी होती.

गळती शोधायची तर आधी इंजिन स्वच्छ धुवायला पाहिजे. गावात टँकर येणार आठवड्यातून केव्हातरी. अण्णांनी भीतभीत हंड्याकडं बघितलं तेव्हा काकू हंड्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. शेवटी रेशनच्या रॉकेलनं इंजिन पुसलं. मग चाचा म्हणाले, वरून पावडर मारायची, गाडी थोडी पळवायची, जिथं पावडर ओली होईल तिथून गळती. काकूंचा तोंडाला लावायचा पावडरीचा डबा इंजिनावर रिकामा झाला. दोघं नेकनूरपर्यंत जाऊन आले. परत आले तेव्हा इंजिनावर, दोघांच्या मिशांवर आणि भुवयांवर रस्त्याचा फुफाटा इतका बसला होता की त्यात पावडर कुठली, तेल कुठलं आणि युसूफचाचा कुठले, काही कळेना. "घरातलं पाणी वाचलं, पर पावडर गेली," काकू म्हणाल्या, आणि दोन दिवस अण्णांशी बोलल्या नाहीत.

हळूहळू अंगणात पुन्हा माणसं जमायला लागली. आमच्याकडं दुखणं माणसाचं असो की मोटारीचं, औषध प्रत्येकाला ठाऊक असतं. टँकरवाला म्हणाला, साबण लावा. कुणी म्हणालं, बिब्बा घाला. ऊसतोडीचा मुकादम म्हणाला, "ईकून टाका, लई बेस." त्याला अण्णांनी चहा दिला नाही. बाकी सगळ्यांना दिला. चहाचं दूध माझ्याच सोसायटीतून जायचं, आणि त्या दिवसांत सोसायटीचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे ही गळती होती.

दसऱ्याच्या आधी एकदा मी सकाळच्या दुधाला पहाटेच निघाले. बघते तर अण्णा एकटेच, बॉनेट उघडं आणि हातात पाना. मी आनंदानं ओरडले, "सापडलं का?"

अण्णांचं डोकं बॉनेटवर आपटलं. "हळू बोल की!" ते इकडंतिकडं बघत म्हणाले, "सापडून लई दिस झालेत. वरच्या झाकणाचा मागचा नट. युसूफ सांजच्याला सगळे नट आवळून जातो, आन पहाटं मी ह्यो ढिला करतो, म्हंजी उजाडंपर्यंत थेंब पडतो."

"कावून?" 'का' विचारायच्या ऐवजी माझ्या तोंडून त्यांचाच शब्द गेला.

अण्णा मोटारीला टेकून उभे राहिले. "त्याचा सलीम पुण्याला हाय. मोठ्या गॅरेजात. बापाला न्यायचं म्हणतोय. हितं काम न्हाई, घरात बायको न्हाई, त्याचं बी खरंच हाय. युसूफनं त्याला सांगितलंय, 'रंगनाथच्या गाडीची गळती सापडली की येतो. काम अर्धं टाकून मी जात नसतो.' आता तूच सांग पोरी, सापडू देऊ का?"

अण्णा काकूंशी भांडत, गावाशी गप्पा मारत, पण मनातलं बोलत ते फक्त चाचांशी. चाचा गेले असते तर या गडगडाटी माणसाचं अंगण पार सुनं झालं असतं. मला त्यांचं फार वाईट वाटलं. मी कॅन उचलले आणि निघाले.

खंडेनवमीला काकूंनी मोटारीची पूजा मांडली. दुभती म्हैस असती तर तिची केली असती, असं म्हणूनच मांडली. चाचांनी इंजिन लखलखीत पुसलं. बीडहून आणलेला झेंडू ताटात होता. सलीमही आदल्या दिवशीच आला होता. पुण्याला न्यायला चाचांच्या कपड्यांची पिशवी त्यानं भरून ठेवली होती. काकूंनी एकदा हळद हातात घेतली की त्या हात आखडत नाहीत. त्यांनी मूठभर हळद इंजिनावर उधळली आणि म्हणाल्या, "करा सुरू." अण्णांनी मोटार सुरू केली, थोडी गुरगुरू दिली आणि बंद केली.

पिवळ्याधमक इंजिनावर मागच्या नटापासून खालपर्यंत एक काळी ओली रेघ उतरली होती. पावडरीला जमलं नव्हतं ते हळदीनं केलं. आंधळ्यालाही दिसावं इतकं स्वच्छ.

अण्णांचं तोंड उतरलं. मी उगीचच काकूंना कडाकण्या कशा करतात ते विचारायला लागले. काकूंचं लक्ष कडाकण्यांत नव्हतं. "सलीम, तू मोठ्या गॅरेजातला. बग बरं जरा, म्हातारे दमले की रं हुडकून."

सलीम पुढं झाला. तेवढ्यात चाचांनी ताटातला सगळ्यांत मोठा झेंडू उचलला आणि नेमका त्या नटावर ठेवला. "भाभी, हितं फूल ऱ्हायलं होतं," ते म्हणाले. मग खिशातलं फडकं काढून त्यांनी खालची रेघही पुसून टाकली. अण्णा त्यांच्याकडं बघतच राहिले. चाचा मात्र कुणाकडंच बघत नव्हते.

सलीमनं फुलाकडं बघितलं, बापाकडं बघितलं, अण्णांकडं बघितलं. मग पँटला हात पुसले. "काकी, ह्याला टाइम लागंल," तो म्हणाला. "अब्बाला ऱ्हावं लागंल हितंच."

दुपारी मी दसऱ्याला बीडला जायला निघाले. स्टँडवर उभी होते तोच अण्णा सलीमला सोडायला मोटार घेऊन आले. पिशवी सलीमची एकट्याचीच होती. अण्णांनी त्याचा हात हातात धरला. "पोरा, काळजी करू नको. तुज्या बापाला मी कायबी कमी पडू देणार न्हाई."

सलीम हसला. "मला अब्बाची काळजी न्हाई, अण्णा. अब्बालाच तुमची हाय. फोनवर दर खेपंला येकच बोलतेत, 'मी आलो तर रंगनाथ येकटा पडंल.' नट कोण ढिला करतो, ते त्यांला पहिल्याच दिवशी कळलंय. सांजच्याला आवळतेत ते बी नुसत्या हातानंच आवळतेत. म्हणतेत, सकाळी तुमाला जोर लावाया नगं. खांदा दुखतो म्हणं तुमचा."

एसटी आली. सलीम चढला, मीही चढले. अण्णा हात वर करायचं विसरून तिथंच उभे होते. गाडी वळली तेव्हा मी खिडकीतून बघितलं. ते धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते, आणि शेजारच्या पानवाल्याला मोठ्यानं दरडावून सांगत होते, "बगतोस काय बे? दोन पानं बांध. येक बिनसुपारीचं. युसूफला दात न्हाईत."