अर्ध्या भाड्याचं डोकं

सलूनवाला रडवेला चेहरा करून भाडं कमी करून घ्यायला गेला आणि डोक्यानं त्याचा घात केला. साथीमुळे सगळी सलूनं बंद होती. रस्त्यावरचे पुरुष अस्वलासारखे वाढले होते, आणि हा मात्र कानामागे रेघ ओढल्यासारखा कापलेला. आदल्या दिवशी बायकोनंच कात्री चालवली होती. "मागायला जायचं तरी माणसासारखं जावं," म्हणाली होती.

सरकारनं हुकूम काढला होता: साथीत बंद ठेवलेल्या दुकानातून भाडेकरूला काढायचं नाही आणि भाडं दोघांनी आपसात, समजुतीनं ठरवायचं. आपसात. म्हणजे बोकडानं आणि खाटकानं.

जागामालक दारातच उभा राहिला. त्याचे केस कॉलरच्या आत शिरले होते.

"अर्धं भाडं घ्या, मालक. गल्ल्यात झुरळसुद्धा फिरकत नाही."

"तुझे केस कुणी कापले?"

"बायकोनं."

"मला शिकवतोस? हा सराईत हात आहे. शटर पाडून चोरून धंदा करतोस तू. चालू दुकानाला कसला हुकूम? पूर्ण भाडं टाक, नाहीतर चावी."

घरात धान्याचा डबा वाजायला लागला होता. दुकान गेलं की साथ संपूनही उपयोग नव्हता. सलूनवाला घरी येऊन भिंतीकडे बघत बसला. बायको बसली नाही. तिनं पदर खोचला आणि मालकाचं दार गाठलं.

"चला दुकानात. तुमचेच केस कापून दाखवते."

मालकाला मोह पडला. संध्याकाळी मुलाच्या होणाऱ्या सासऱ्यांशी व्हिडिओ कॉल होता, आणि या अवतारात त्याला घरच्या कुत्र्यानंही ओळखलं नसतं.

शटर अर्धं वर गेलं. खुर्चीवरची धूळ झटकली गेली. बायकोनं डावी बाजू अशी उतरवली की सलूनवालाही बघत राहिला. मालकानं आरशात मान वळवली.

"हात चांगलाय गं तुझा."

"पटलं ना?"

"पटलं. दोघं मिळून चालवता दुकान. पूर्ण भाडंच घेणार मी."

बायकोनं कात्री खाली ठेवली.

"का थांबलीस?"

"चुकलंच आमचं. दुकान बंद ठेवायचा हुकूम आहे."

"अगं, अर्धं डोकं राहिलंय."

"अर्ध्या भाड्याचंही राहिलंय."

मालकानं आरशात उजवीकडे पाहिलं, मग डावीकडे. दोन वेगळी माणसं त्याच्याकडे बघत होती. शेवटी दरपत्रकाच्या कोऱ्या बाजूवर त्यानं लिहून दिलं: दुकान बंद आहे, उघडेपर्यंत अर्धं भाडं. खाली सही ठोकली.

उरलेली बाजू सलूनवाल्यानं कापली. इतक्या महिन्यांनी कात्री हातात आली होती. काम झालं, त्यानं कापड झटकलं आणि सवयीनं हात पुढे केला.

मालकानं त्यांच्याच कंगव्यानं भांग पाडला.

"दुकान बंद आहे, असं आत्ताच लिहून घेतलंस ना? मग बंद दुकानात कटिंगचे पैसे कसले?"

तो वाकून शटरखालून निघून गेला. अशी माणसं वाकतात, पण तेवढ्यापुरतीच.

सलूनवाल्यानं झाडू उचलला. बायकोनं तो काढून घेऊन कोपऱ्यात ठेवला.

"राहू द्या आज. जमिनीवर केस दिसले की दुकान असल्यासारखं वाटतं."